हुकूम कुणाचा

आमच्या आबांना एकच नाव हवं होतं. कृष्णातदादानं आणि त्याच्या सोबत्यांनी जी विहीर जिंकली ती परत देण्याचा हुकूम ज्यानं काढला, त्या माणसाचं नाव.

दादा एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाईत मारला गेला. राजस्थानच्या पलीकडं, सिंधच्या वाळूत. तिथं वाळूची एक लांब धार होती, धारेच्या पायथ्याशी विहीर होती आणि विहिरीजवळ बाभळीसारखं एक झाड होतं, एवढंच आम्हाला कळलं. सांगणारा आकाराम. तो शेजारच्या गावचा, दादाच्याच पलटणीतला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली तिकडंच राहिला. कुबड्यांवर तो आमच्या दारात आला तेव्हा आई आत गेली आणि आबांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा : "हीर घेतली का न्हाई?"

"घेतली की, हवालदार."

"पानी?"

आकारामानं माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं. "गोड हुतं," तो म्हणाला.

आमचं गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या अंगाला. फाल्गुनात आमच्या विहिरींचा तळ दिसतो. दुसऱ्या कुठल्या गावात हवालदार धोंडीरामाच्या पोरानं विहीर घेतली म्हटल्यावर लोकांनी विचारलं असतं, किल्ला नाही का, शहर नाही का? आमच्याकडं कुणी विचारलं नाही. गोड्या पाण्याची विहीर म्हटल्यावर म्हातारी माणसं मान हलवत. आबा ज्याला त्याला सांगत, माज्या पोरानं गोड पान्याची हीर घेतली. असं वर्षभर चाललं.

बहात्तरच्या जुलैत पाकिस्तानशी करार झाला. तो आम्ही रेडिओवर ऐकला, पण त्याचा आणि आमचा काही संबंध असेल असं कुणाला वाटलं नाही. पाऊस नव्हता, सगळ्यांचे डोळे आभाळाकडं होते. डिसेंबरात बातमी आली की आपल्या फौजा सरहद्दीच्या अलीकडं आल्या. पंजाबात आणि सिंधमध्ये घेतलेला मुलूख परत दिला. तेव्हा आबा रस्त्याच्या कामावर होते, दुष्काळी कामावर. खडी फोडणाऱ्यांची हजेरी घेत होते. धुळा धनगरानं त्यांना बातमी सांगितली. धुळा आबांचा लहानपणचा सोबती, मेंढरं दुष्काळात विकून खडी फोडायला आलेला. जिभेला हाड नसलेला माणूस.

"हवालदार, तुज्या सरकारला ती हीर नको झालीया म्हनं. मग हिकडं जतला आनून दे म्हनावं की. टँकरची वाट बघून डोळं गेलं आमचं."

बाया हसल्या. आबा हसले नाहीत. त्यांनी हजेरीची वही मिटली आणि विचारलं, "हुकूम कुणाचा?"

तेव्हापासून त्यांना ते नाव हवं होतं.

आबांची रीत पलटणीची. शिपायानं नाईकाला सांगायचं, नाईकानं हवालदाराला, हवालदारानं सुभेदाराला. मधली पायरी सोडून थेट वर जाणारा माणूस त्यांच्या लेखी पळपुटा. मी तेव्हा सांगलीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात होते, भौतिकशास्त्र घेऊन. मी म्हटलं, "आबा, थेट दिल्लीलाच लिहूया. मी लिहिते."

"दिल्लीला जायाचं ते खालनं जायाचं," ते म्हणाले. "पायरी सोडायची न्हाई."

ते तालुक्याला गेले. तालुक्यानं सांगलीला धाडलं. सांगलीच्या साहेबांनी साताऱ्याच्या एका निवृत्त मेजरांकडं चिठ्ठी दिली, ते ह्या गोष्टी जाणतात म्हणून. मेजरांनी बेळगावला पलटणीत विचारा म्हणून सांगितलं. पलटणीनं सांगितलं की हुकूम वरून आला. वरून म्हणजे कुठून, तर त्यांच्याही वरून. प्रत्येक ठिकाणी आबांना खुर्ची मिळाली. हुतात्म्याचे वडील म्हणून चहा मिळाला. कुणीतरी एखाद्यानं हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं, निदान रागाला जागा मिळाली असती. पण सगळेच भले होते, आणि त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

त्याच हिवाळ्यात आमच्या कॉलेजात राज्यशास्त्राच्या सरांनी कराराबद्दल व्याख्यान दिलं. मी प्रयोगशाळेतला तास बुडवून गेले. सर चांगलं बोलले. भारतानं काय साधलं, पाकिस्ताननं काय गमावलं, अमेरिकेचा काय हिशेब होता. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, मुलूख परत देण्याचा हुकूम कुणाचा?"

पोरं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "सायन्सवाल्यांना नाव, गाव, वजन, सगळं पाहिजे."

सर हसले नाहीत. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी विभागात बोलावलं. तिथं मी त्यांना आबांचं सांगितलं. ते म्हणाले, "काल व्याख्यानात मी 'भारतानं ठरवलं' असं किती वेळा म्हणालो असेन. असं म्हणताना आपण डोळ्यांपुढं एक माणूस आणतो. त्याला एक डोकं आहे, ते डोकं नफातोटा मोजतं आणि मग हात हलवतं. असा एक सिद्धान्त आहेच. सोपा आहे, पुष्कळदा उपयोगी पडतो. पण तसा माणूस कुठं बसलेला नसतो. खाती असतात. प्रत्येक खातं त्याला जे करायची सवय आहे तेच करतं. माणसं असतात. प्रत्येकजण आपापल्या खुर्चीवरून ओढतो. त्या ओढाताणीतून काहीतरी बाहेर पडतं. त्याला आपण धोरण म्हणतो."

"म्हणजे परिणामी बल," मी म्हटलं. "चार बाजूंनी चार जोर लावले की वस्तू अशा दिशेनं सरकते, जिकडं त्यांतल्या एकानंही ओढलेलं नसतं."

सरांना ते आवडलं. "पण तुमची बलं मोजता येतात," ते म्हणाले. "इथं बैठकीला उशिरा आलेला माणूस, आधीच टाइप होऊन आलेला मसुदा, कुणाची कुणाला वाटणारी भीती, हे कसं मोजणार? त्याचाच अभ्यास आता बाहेर चाललाय. पुण्याला एम.ए.ला त्यावर एक पेपर आहे."

त्यांनी मला वाचायला दिलं. मी ते प्रयोगाच्या वहीसारखं वाचलं : हे गृहीत, हे निरीक्षण, हे जुळतं, हे जुळत नाही. मला त्यात जे सापडलं ते मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी घेऊन आले.

त्या उन्हाळ्यात रेशनवर मिलो मिळत होता. अमेरिकेचा लाल जोंधळा. त्याची भाकरी थंड झाली की तुटत नसे. आई दारात बसून तो पाखडत होती आणि धुळा पाणी मागायला आला होता. पाणी प्यायल्यावर त्यानं सुपातले दाणे मुठीत घेतले.

"वैनी, मला एक समजंना. लढाईत आपल्यावर आरमार धाडलं ते ह्येंनीच. आन आता जोंधळा धाडला त्यो बी ह्येंनीच. त्या देशाला डोस्कं हाय का खोकं?"

"आरमार हाकणारे वेगळे, धुळाकाका," मी म्हटलं. "जोंधळा विकणारे वेगळे. त्यांची कोठारं भरलेली, त्यांना गिऱ्हाईक पाहिजे. ते काय आरमारवाल्यांना विचारायला जात नाहीत."

"म्हंजी एका घरात दोन चुली."

"दोन कुठल्या! धा असतील."

"मग आमच्या घरासारकंच की गं," असं म्हणून तो हसत गेला. पण आबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बने, मग त्या हिरीचं सांग."

मी सांगितलं. मला वाटलं होतं, नेमकं सांगितलं की माणसाला बरं वाटतं. मी म्हटलं, सरहद्दीची रेघ आधीपासून ठरलेली होती. रेघेपलीकडचं सगळं द्यायचं, अलीकडचं घ्यायचं, एवढंच बोलणं झालं असणार. पलीकडं आपल्या हातात मोठा मुलूख होता. त्यात गावं होती, रेल्वेची स्टेशनं होती. त्यातली एक विहीर.

"म्हंजी हिरीचं इचारलं न्हाई कुनी."

"बहुतेक नाहीच. नकाशावर ती रेघेच्या पलीकडं होती. तिच्याबद्दल वेगळं असं कुणी काही ठरवलंच नसेल, आबा."

"माज्या पोराची हीर कुनाच्या तोंडात बी आली न्हाई?"

आबा उठले, टोपी घातली आणि कामावर गेले. पुढच्या आठवड्यात ते नेहमीसारखे सांगलीच्या एस.टी.त बसले, नवा अर्ज घेऊन. मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं असं मला तेव्हा वाटलं.

जूनमध्ये माझा निकाल लागला. पुण्याला अर्ज केला होता. विज्ञानाच्या पदवीधराला मुलाखत घेऊनच प्रवेश देतात, आणि मुलींच्या वसतिगृहासाठी पालकानं स्वतः हजर राहून सही करायची, असं पत्र आलं. मुलाखत जुलैतल्या एका गुरुवारी होती.

आता मला पुण्याला का जायचं होतं ते सरळ सांगते. मला आबांसाठी नाव शोधायचं नव्हतं. नाव नाही हे मला कळलं होतं. पण जे झालं ते कसं झालं हे कुणालाच सांगता येत नाही आणि तरी माणसं मरतात, ह्याचा मला राग होता. पूल पडला तर आपण कुठला बोल्ट सुटला ते शोधतो. इथं कुणी शोधत नव्हतं. सगळे एकतर चहा पाजत होते नाहीतर भाषण करत होते.

वाचलेलं मी वापरून बघायचं ठरवलं. बैठक भरायच्या आधी माणसाला एकेकटं गाठायचं, असं मी शिकले होते. म्हणून पुण्याचं पत्र यायच्या आधीच मी कडेगावला गेले होते, मामाकडं. नानासो मामा आईचे थोरले भाऊ. त्यांच्या विहिरीवर इंजिन होतं आणि दुष्काळातही थोडा ऊस उभा होता. माझं कॉलेज त्यांच्याच जिवावर झालं, त्यामुळं आमच्या घरातली मोठी गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय होत नसे.

मामा इंजिनापाशी बसून तेल घालत होते.

"पुण्याला? पुण्यात कोन हाय गं आपलं?"

"शिकायला जायचंय, मामा."

"आनी काय शिकायचं ऱ्हायलंय?"

"देश निर्णय कसे घेतात ते."

मामा मोठ्यानं हसले. "आगं, आमची सोसायटी निर्नय कसा घेती ते शिक आदी. मी चेअरमन हाय. मला सोताला कळत न्हाई."

"तेच तर शिकवतात, मामा."

"मग शिकून ये आनी मला सांग." त्यांनी हात फडक्याला पुसले. "जा बाई. माजी काय हरकत न्हाई."

आईला मी चुलीपाशी गाठलं. ती म्हणाली, "मी कशाला आडवी येऊ? किसनात गेल्यापासनं मी कुनाला कशाला न्हाई म्हनलंय का ह्या घरात?"

आबांना शेवटी. ते म्हणाले, "जा. मोठ्या लोकांत ऊठबस हुईल तुजी. नाव सापडलं तर बघ." मी त्यावर वाद घातला नाही.

तिघांचाही होकार होता. मी कपडे धुऊन ठेवले. मग मामांचं कार्ड आलं, की कुपवाडची मंडळी गुरुवारी मुलगी बघायला येतायत.

ते असं झालं होतं. मामांनी चैत्रातच एका मध्यस्थाच्या कानावर माझं घातलं होतं. घातलं आणि विसरले. मध्यस्थ विसरला नाही, ते त्याचं कामच. कुपवाडला त्या लोकांचं लेथ मशीनचं वर्कशॉप. विजेची कपात होती म्हणून त्यांची सुट्टी रविवारची नव्हती, गुरुवारची होती. त्यांनी पहिला मोकळा गुरुवार कळवला. मध्यस्थानं मामांना सांगितलं, मामांनी कार्ड टाकलं. माझी मुलाखत गुरुवारी आहे हे मामांना मी सांगितलं नव्हतं, कारण पत्र नंतर आलं.

मी कार्ड घेऊन आबांकडं गेले.

"मामानं ठरवलंय," आबा म्हणाले. "मामास्नी सांग. मी कसं मोडू?"

मी पुन्हा कडेगावला गेले.

"मी कुटं ठरवलं?" मामा म्हणाले. "त्यांस्नी सुट्टीच गुरवारी. तुजा बाप न्हाई म्हनत आसंल तर मी कळवतो."

"आबा नाही म्हणत नाहीत."

"मग?"

"पुढच्या गुरुवारी बोलवा की त्यांना."

"पुडच्या गुरवारी अवस हाय. अवसंला कोन पोरगी बघतंय?"

घरी आले तर आई म्हणाली, "दारात येनाऱ्या मानसांस्नी काय कडी घालायची? येऊन जातील, च्या पितील. तुजं पुनं काय पळून जातंय?"

पुण्याला मी कळवलं, दुसरा दिवस द्या म्हणून. तिकडून छापील कार्ड आलं, ठरल्या दिवशी न येणाऱ्याचा अर्ज रद्द समजला जाईल. ते कार्ड लिहिणाऱ्याला माझ्यावर कसला राग असायचं कारण नव्हतं.

गुरुवारी मंडळी आली. मुलगा साधा होता, नखांत ग्रीस अडकलेलं. त्याचे वडील बोलके.

"बी.एस्सी. म्हंजी नेमकं काय शिकलीस, पोरी?"

"भौतिकशास्त्र."

"म्हंजी?"

"एखाद्या वस्तूवर जोर लावला की ती कुठं जाते ते."

मुलगा पहिल्यांदा हसला. "ते तर आमी लेथवर रोज बघतो." मला तो त्या क्षणी वाईट वाटला नाही.

वडिलांनी पोहे संपवले आणि आबांकडं वळले. "थोरला लढाईत गेला म्हनं तुमचा. सरकारकडनं काय मिळालं?"

"हीर मिळाली हुती," आबा म्हणाले. "ती परत दिली."

मामा म्हणाले, घ्या, चहा घ्या, गार होतोय.

चारच दिवसांत मध्यस्थाकडून निरोप आला. पोरगी लय शिकलीया, लेथवरच्या पोराला झेपायची न्हाई.

आई रडली. मामांनी कुपवाडच्या लोकांना शिव्या घातल्या. मी आबांसमोर जाऊन उभी राहिले. ते ओट्यावर सांगलीला न्यायचा अर्ज घडी करत होते. तो मीच लिहून दिला होता, त्यांच्या सगळ्या अर्जांसारखा. शेवटची ओळ नेहमीचीच : तरी सदर हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव कळावे.

"आबा, मला पुण्याला जाऊ नको कोण म्हणालं?"

"कोन म्हनलं? कुनीच न्हाई."

"मग मी इथं का आहे?"

"त्यो गुरवार आला ना मदी."

"गुरुवार कुणी आणला?"

"मामानं." ते थांबले. "न्हाई. मामा व्हय म्हनला हुता. त्या कुपवाडवाल्यांनी. पर त्यांस्नी कुटं म्हाईत हुतं?" पुन्हा थांबले. "तुजी आई?"

"आई हो म्हणाली होती. तुम्ही पण."

"मी तर जा म्हनलं!"

"मग नाव सांगा मला, आबा. एक नाव सांगा. मीपण अर्ज करते."

मला एवढं टोचून बोलायचं नव्हतं, असं म्हणता येणार नाही. बोलायचंच होतं. आबांच्या हातातला कागद तसाच राहिला. रस्त्यावरून टँकर गेला, बाया घागरी घेऊन पळाल्या, आई पळाली. तो गलबला संपल्यावर ते म्हणाले, "पानी खारं हुतं."

"कुठलं?"

"त्या हिरीचं."

"आकारामकाकांनी सांगितलं?"

"त्यो कशाला सांगंल? त्यो माज्या तोंडाकडं बघून गोड म्हनला. पर झाड एकच हुतं म्हनला न्हवं? वाळवंटात गोड पान्याच्या हिरीवर एकच झाड आसतंय व्हय? गाव आसतंय तितं. मेंढरं आसत्यात. मला त्याच दिशी कळलं." त्यांनी कागद ओट्यावर ठेवला. "घ्या म्हननाऱ्याला म्हाईत न्हवतं ती खारी हाय. द्या म्हननाऱ्याला ती हाय हेच म्हाईत न्हवतं. मला वाटलं, एक तरी आसंल. त्याच्या म्होरं जाऊन हुबं ऱ्हायचं हुतं मला. मारायला न्हवं. नुसतं हुबं ऱ्हायचं हुतं."

तो अर्ज सांगलीला गेला नाही. आबा एस.टी. स्टँडकडं फिरकायचे थांबले. लोकांना हे बरं लक्षण वाटलं. घरात मात्र ते बरं नव्हतं. दर आठवड्याला दाढी करून, कोट घालून निघणारा माणूस आता भिंतीला टेकून बसू लागला. आई मला म्हणाली, "तुज्या त्या अभ्यासानं काय केलंस बघ. निदान रागात तरी जितं हुतं ते." सिद्धान्त बरोबर होता, एवढं मला माहीत होतं.

वर्षभर मी तालुक्याच्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून विज्ञान शिकवलं. पुढच्या जूनला पुण्याला पुन्हा अर्ज केला आणि ह्या वेळी कुणालाच विचारलं नाही. मुलाखतीच्या आदल्या दिवशी आबांनी आपण होऊन दाढी केली, पदकं लावलेला कोट घातला आणि म्हणाले, "सही लागती न्हवं? चल." मामांना सांगितलं नव्हतं. आईनं भाकरी बांधून दिल्या. आबांनी पायरी सोडलेली मी तेव्हाच पाहिली, पहिल्यांदा आणि शेवटची.

पुण्याला तिघं समोर बसले होते. त्यांतले वयानं मोठे होते त्यांनी विचारलं, "विज्ञानाची पदवी, जतसारखा दुष्काळी तालुका. तुम्हाला परराष्ट्र धोरणाशी काय करायचंय?"

मी विहिरीचं सांगितलं नाही. मी म्हटलं, "कुणी ठरवलं असं विचारत फिरणाऱ्याला सगळीकडं चहा मिळतो, उत्तर मिळत नाही. कसं ठरलं हे विचारता यायला पाहिजे. ते आमच्याकडं कुणाला येत नाही."

एकानं काहीतरी लिहून घेतलं. एकानं घड्याळ बघितलं. तिसरे चांगलं हसले आणि म्हणाले, उत्तम, उत्तम.

बाहेर आबा बाकावर ताठ बसले होते. सही करून झाली होती. मला बघून उठले.

"तुला घ्यायचं का न्हाई ते कोन ठरवनार?"

"तिघं आहेत, आबा."

"म्हंजी कुनीच न्हाई," ते म्हणाले.

आम्ही स्टँडवर भाकरी खाल्ली आणि परत आलो.

यादीत माझं नाव नव्हतं. पूर्वीचे आबा असते तर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पुण्याला गेले असते, ऑफिसाच्या दारात उभं राहून विचारलं असतं, माझ्या पोरीचं नाव कुणी काढलं? मी दोन दिवस वाट बघितली. ते भिंतीला टेकून बसले होते.

तिसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. मी ओट्यावरून उतरताना त्यांनी विचारलं, "आता कुनाला भेटनार?"

"त्या तिघांना."

"ते काय सांगनार? म्हनतील, मी तर व्हय म्हनलं हुतं."

"म्हणतीलच. म्हणून वेगवेगळं भेटणार आहे. कोण आधी बोललं, कुणाच्या हातात आधीच यादी होती, ते विचारणार आहे."

"इचारून काय, घेतील तुला?"

"नाही घेणार."

त्यांनी मान हलवली. कोट खुंटीवर होता, पदकं अजून लावलेलीच होती. त्यांनी तिकडं बघितलंही नाही. मी एस.टी.ला एकटी गेले.